उतरता खांदा

मंगळवार, ९ मार्च

बाईसाहेब,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता माझं सगळं आयुष्य उलटंपालटं झालं. वेळ पक्की सांगतोय, कारण मामाच्या डार्करूममधल्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे चमकतात आणि ट्रेमध्ये कागद टाकला की माझी नजर त्यांच्यावरच असते. दीड मिनिट कागद हलवत राहायचं. चाळिसाव्या सेकंदाला आधी केस उमटले, मग भुवया, मग उघडे खांदे. आणि डेव्हलपरच्या पाण्यातून मीच माझ्याकडे बघायला लागलो.

मी! अंगात शर्ट नाही, कमरेला इवलीशी काळी चड्डी, सर्वांगाला तेल, एक हात डोक्यामागे. असला फोटो मी जन्मात काढून घेतलेला नाही. आईशप्पथ. पण नाक माझं, कान माझे, उतरता खांदासुद्धा माझा. 'एका हातात भरलेली बादली असल्यासारखा उभा राहतोस,' असं तू म्हणायचीस ना, तसाच. रोज आरशात दिसतो तसा, त्याच बाजूला. फक्त पोट माझ्यापेक्षा बरंच बरं.

मी ओरडलो. शेजारचा कुलूपवाला 'काय रे, विंचू चावला का?' म्हणत धावत आला, त्याने धाडकन दार उघडलं, उजेड आत शिरला आणि कागद पार काळा पडला. त्याला हाकललं, दुसरी प्रत काढली. पुन्हा तोच. तेव्हाही ओरडलो, पण मनातल्या मनात.

मग पाकीट उलटून तारीख पाहिली. माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधीची. म्हणजे तो मी नाही. माझं नाक असलेला दुसरा माणूस जगात एकच आहे, आणि तो भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावून फिरतो. बाईसाहेब, मी एकवीस वर्षं एका घरात राहूनही माझ्या बाबांचं कोपर कधी पाहिलेलं नाही. आज सगळंच पाहिलं.

हे प्रेमपत्र नाही, लगेच फाडू नकोस. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस म्हणून टपाल. तू त्या संग्रहालयात जुने फोटो सांभाळायचं काम शिकतेस असं तुझ्या भावाकडून कळलं. (त्याला ओरडू नकोस, मी त्याच्या घराबाहेर दोन तास उभा होतो.) माझा मामा, आईचा थोरला भाऊ, चार महिन्यांपूर्वी गेला. लग्न केलं नव्हतं. मागे राहिला तो त्याचा स्टुडिओ. जागा मालकाला महिनाअखेर परत द्यायची आहे, आणि मी कॉलेज सोडून रिकामाच बसलोय, म्हणून आवराआवर माझ्या गळ्यात. बाबांचा हुकूम असा: 'सगळ्या निगेटिव्ह चांदीवाल्याला दे. एक डबासुद्धा घरात आणायचा नाही.' हा चांदीवाला जुन्या फिल्म धुऊन चांदी काढतो, आणि सत्तावीस तारखेला, शनिवारी, शेवटची खेप न्यायला येणार आहे.

बाबा आणि मामा एकमेकांशी बोलायचे नाहीत. का, ते कुणी कधी सांगितलं नाही. स्टुडिओ आला की बाबा रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. मामा गेला तेव्हाही ते दारापाशीच थांबले.

अजून कशाला हात लावलेला नाही, सगळं जिथल्या तिथे आहे. काय करू ते सांग. सहा प्रती सोबत पाठवतोय. बाबांची त्यातलीच एक.

— तो, ज्याचं नाव तुला ऐकायचं नाही

बुधवार, १७ मार्च

बाईसाहेब,

तुझं कार्ड आलं. चार वाक्यं. 'धुवायला देऊ नकोस. सुती हातमोजे घाल. डबे उन्हात ठेवू नकोस. बाकी काही लिहू नकोस.' मी ते सतरा वेळा वाचलं. 'बाकी काही' लिहीत नाही, हातमोजे घातलेत एवढंच कळवतो. ते हातमोजे घालून शाई सांडली, तेही बाकी काहीत येतं का?

आता कामाचं. मामा कापड गिरण्यांसाठी आणि रेडिमेडवाल्यांसाठी जाहिरातीचे फोटो काढायचा, एवढं मला ठाऊक होतं. पण मॉडेल कुठून आणणार? समोरच्या व्यायामशाळेतून. एक हमाल, एक बस कंडक्टर, एक वेल्डर, एक पोस्टमन. गिरणीचे शर्ट एकाच मोठ्या मापाचे यायचे. मग पाठीमागे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून शर्ट ताणायचा, म्हणजे पुढून कसा अंगावर ओतल्यासारखा. पुढून बघावं तर राजबिंडा, मागून बघावं तर दोरीवर टाकलेला! आणि मामाने मागूनही फोटो काढलेत. ढिगाने. हमालाच्या पाठीवर नऊ चिमटे आहेत, आणि मान अशी ताठ, की जणू आत्ताच त्याला राज्य मिळणार आहे.

जाहिरात उरकली की तोच माणूस, त्याच उत्तरेच्या खिडकीशी, शर्टाविना. हे फोटो व्यायामशाळेच्या भिंतीवर लागायचे, शरीरसौष्ठवाच्या मासिकांत छापून यायचे. खाली नाव कुणाचं? कुणाचंच नाही. मी चार मासिकं धुंडाळली. फोटोखाली 'छाया' एवढंसुद्धा नाही. वेल्डरच्या दंडांवर ठिणग्यांचे डाग आहेत. दुसऱ्या कुणी ते झाकले असते. मामाने त्याला खिडकीकडे वळवलंय, डाग मोजता यावेत असं. पोस्टमन दमलाय, आणि ते दमणं त्या फोटोत त्याच्या छातीपेक्षा देखणं आहे. मला फोटोतलं काही कळत नाही हे तू चारचौघांत सांगितलंयस. पण हे बघताना माझ्या अंगावर काटा येतो, मी काय करू?

आणि आता ते सांगतो जे गेल्या पत्रात लपवलं.

'सगळं जिथल्या तिथे आहे' हे खोटं होतं. मामा पाकिटावर माणसाचं नाव लिहायचा नाही. फक्त कापड आणि नमुना. 'पांढरं, कडक कॉलर, नमुना २.' 'खाकी, दुहेरी खिसा, नमुना ७.' मला वाटलं कापडाचे फोटो असतील. कापडाचे फोटो कोण कशाला सांभाळेल? अकरा डबे मी पहिल्याच आठवड्यात चांदीवाल्याच्या गाडीवर चढवून मोकळा झालो. एकही उघडून पाहिला नाही.

तुझं कार्ड आलं तसा सायकल दामटत त्याच्याकडे गेलो. फिल्मवर जे काळं दिसतं त्यात चांदी असते, ती तो औषधात धुऊन काढून घेतो. त्याने टेबलाखालून गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "घे, मस्त साफ निघाल्यात. पोरांच्या वह्यांना कव्हरं होतील."

काचेसारख्या स्वच्छ फिल्म. मी एकेक उजेडात धरत गेलो. एकीतून खिडकी दिसली, एकीतून पंखा, एकीतून चांदीवाल्याचं टक्कल. माणूस एकाही फिल्मवर नाही. मी तिथेच जमिनीवर बसकण मारली.

"चक्कर आली का?" तो म्हणाला.

"किती माणसं होती हो ह्यात?"

"माणसं? मी वजन करतो रे बाबा."

उरलेत तेवीस डबे. मला शिव्या द्यायच्या तर द्याव्यास, पण लिहून दे. तेवढीच अक्षरं.

शुक्रवार, १९ मार्च

बाईसाहेब,

उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण हे पोटात ठेवलं तर मी फुटेन.

काल बाबा बाहेर होते. आई त्यांच्या लांब बाह्यांच्या शर्टांना इस्त्री करत होती. मी फोटोची माझ्याकडची प्रत तिच्यासमोर ठेवली आणि फटकन म्हणालो, "हा कोण?"

तिने इस्त्री आधी उभी केली. कितीही धक्का बसला तरी आई कापड जाळणार नाही. मग फोटो उचलला.

"डोळे फुटले का तुझे? बाप आहे तुझा."

"ते दिसतंय. पण हे काय आहे?"

"फोटो आहे," ती म्हणाली, आणि पदराने... नाही, पदराने काही पुसलं नाही. उगाच लिहीत होतो. तिचे डोळे कोरडे होते. माझेच नव्हते.

तुला ठाऊक नसेल, मलाही नव्हतं: लग्नाआधी आई मामाच्या स्टुडिओत रिटचिंग करायची. तिरक्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने मुरमं, व्रण, सुरकुत्या भरायच्या. ते टेबल मी गेल्या आठवड्यात मोडीत काढणार होतो.

"ह्यांना मी आधी निगेटिव्हवरच पाहिलं," ती म्हणाली. "काळा चेहरा, पांढरे केस. म्हाताराच दिसायचा. मला म्हातारा आवडला. इथे हनुवटीवर व्रण आहे ना, तो मी भरायला घेतला होता. दादाने पेन्सिल हिसकावून घेतली. 'माणूस पुसू नकोस' म्हणाला. मी कितीतरी माणसं भरली होती, आधी कधी रागावला नव्हता. तेव्हा कळलं मला."

"काय कळलं?"

"तू कॉलेजात काय शिकलास रे? कॅमेरे फोडायला?" मग इस्त्रीची वायर काढली आणि एका दमात सांगून टाकलं. "दादाचा जीव होता ह्यांच्यावर. ह्यांचाही होता. व्यायामशाळेच्या भिंतीवर कुणीतरी काहीबाही लिहिलं, ते ह्यांच्या वडलांपर्यंत गेलं. आठ दिवसांत पोरगी बघून लग्न लावणार होते. ह्यांनी माझं नाव घेतलं."

"आणि तू हो म्हणालीस? सगळं ठाऊक असून?"

"मी काही कुणाच्या मधे आले नाही. मला मधे उभं केलं. पण उभी राहिले ती माझ्या मर्जीने. मला हवे होते ते." तिने फोटो माझ्याकडे सरकवला. "मला भाबडेपणाने वाटलेलं, दादा येत-जात राहील, सगळेच घरात राहतील. लग्नाला आला, अक्षता पडल्या, गेला. ह्यांनी पुन्हा त्या दारात पाय ठेवला नाही."

"तुला कधी..."

"बावीस वर्षं झाली. चांगले आहेत ते. मला कधी वाईट वागवलं नाही. आता उठ, शर्ट ठेवायचेत मला."

मी स्टुडिओत येऊन पाकिटं तारखेवार लावली. त्या लग्नानंतर मामाने एकाही माणसाचा तसला फोटो काढलेला नाही. पाठीचा नाही, खांद्याचा नाही. पुढचे सगळे डबे पासपोर्टचे. वीस-बावीस वर्षं पासपोर्ट. सगळे समोर बघतायत, आणि कुणीच कुणाकडे बघत नाहीये.

गुरुवार, २५ मार्च

बाईसाहेब,

दोन पानं! तू मला दोन पानं लिहिलीस. त्यातलं दीड पान शिव्या असल्या तरी अक्षर तेच, 'क' ला तीच शेपटी.

तुमच्या विभागाच्या मोठ्या बाई त्या सहा प्रती बघून 'हा माणूस इतकी वर्षं होता कुठे?' म्हणाल्या, हे मी कुलूपवाल्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'इथंच तर होता, माझ्याकडून रोज बिडी न्यायचा.' तेवीस डबे ठेवून घ्यायला त्या तयार आहेत, भिंतभर प्रदर्शन मांडायचं म्हणतात, आणि सगळ्यात मोठा फोटो तो डोक्यामागे हात घेतलेला.

आणि खाली तुझी ओळ: 'हा कोण आहे? हयात असेल तर त्याला विचारलंस का?'

मी ती ओळ वाचली आणि दीड वर्षांपूर्वीच्या त्या जिन्यावर जाऊन पडलो. कॉलेजातल्या त्या दाढीवाल्याने तुझे फोटो काढले होते, तू केस मोकळे सोडून हसत होतीस, आणि मी त्याचा कॅमेरा तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडला. सगळ्यांना मी 'कॉलेज सोडलं' असं सांगतो. खरं म्हणजे प्राचार्य म्हणाले माफी माग नाहीतर घरी जा, आणि मी घरी गेलो. तू तेव्हा एवढंच म्हणालीस: 'फोटो माझा होता. मला विचारलंस?' मला वाटायचं मी तुझ्यासाठी फोडला. आता मी बाबांना न विचारता बाबा टपालात टाकून मोकळा झालोय. फोडणं काय, पाठवणं काय, अक्कल एकच.

दाढीवाल्याला माफीचं पत्र टाकलंय. तीन ओळींचं. दुसऱ्या ओळीत गाढव म्हटलंय, पण स्वतःला.

परवा शनिवार. दहा वाजता बाबा स्वतः येणार आहेत, डबे गेले की नाही ते बघायला. मी विचारणार आहे. ते जर म्हणाले 'जाळ', तर?

शनिवार, २७ मार्च

बाईसाहेब,

बाबा बरोबर दहाला आले. डार्करूमच्या दाराची चौकट बुटकी आहे, मी महिनाभर रोज कपाळमोक्ष करून घेतोय. बाबांनी न बघता मान वाकवली आणि आत आले. बावीस वर्षांनी.

"डबे कुठायत?"

"आहेत. देणार नाही."

"काय?"

"देणार नाही म्हटलं."

"आवाज खाली. बाहेर कुलूपवाला ऐकतोय." बाहेर कुलूपवाल्याची कानस एकदम जोरात चालायला लागली. "सांगितलं तेवढं करता येत नाही का तुला? एक काम धड..."

मी दोन दिवस भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी फक्त ती प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

बाईसाहेब, मला वाटलं होतं ते मारतील. किंवा खाली बसतील. ते फोटो घेऊन बाहेर खिडकीपाशी गेले, ज्या खिडकीपाशी तो काढला होता तिथेच, आणि लांब धरून बघत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. हिरवे काटे आत होते.

मग म्हणाले, "उलटी छापलीयस."

"अं?"

"उतरता खांदा डावा आहे माझा. इथे उजवा उतरलाय. फिल्म पालथी घातलीस. तो असता तर कानाखाली दिली असती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझाही डावाच. म्हणून मला आरशातला मी दिसलो होतो! पण मला हादरवलं ते खांद्याने नाही. 'तुझा मामा' नाही, 'ते गृहस्थ' नाही. 'तो'. बाबांच्या तोंडी हा शब्द इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. आईसाठीसुद्धा नाही. ते ऐकून बरं वाटलं, आणि आईसाठी इतकं वाईट वाटलं की मान वर होईना.

"मी ह्याची एक प्रत पाठवलीय," मी म्हणालो. "तुम्हाला न विचारता. चुकलं."

"कुणाला?"

"जिच्यापायी कॅमेरा फोडला, तिला."

"तीही फोटोचीच कामं करते?"

"तीच करते. मी फक्त फोडतो." मग एका श्वासात सगळं सांगितलं. संग्रहालय, मोठ्या बाई, भिंत. "त्यांना हा सगळ्यात मोठा लावायचाय. तुम्ही नाही म्हणालात तर लागणार नाही. ही घ्या निगेटिव्ह, काय करायचं ते करा. पण बाकीचे डबे मी चांदीवाल्याला देणार नाही. अकरा दिलेत, बाबा. धुतलेत त्याने. काही उरलं नाही त्यात."

त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "कुठले अकरा?"

"पाकिटांवर कापडाची नावं होती. मला वाटलं..."

"पोस्टमन?"

"तो आहे."

"हमाल? पाठीचा?"

"आहे."

त्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात खाली गाडी थांबली आणि चांदीवाल्याने हाक मारली, "डबे वर येऊन नेऊ का?" मी बाबांकडे पाहिलं. ते निगेटिव्हचं पाकीट वाचत होते. 'करडं, बारीक रेघ, नमुना ४.'

"हा शर्ट सगळ्यांना मोठा व्हायचा," ते म्हणाले. "मलाच तेवढा लहान. माझ्या पाठीला चिमटे नाही लावले कधी. तो पाठीची शिवण उसवायचा, आणि शूटिंग झालं की बसून परत शिवून द्यायचा. हाताने." मग माझ्याकडे न बघता, "पेन आहे?"

मी दिलं. 'करडं, बारीक रेघ' च्या खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं. पूर्ण. वडलांच्या नावासकट, आडनावासकट, सरकारी फॉर्मवर लिहितात तसं, सुट्या अक्षरांत. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग खिडकीतून वाकून ओरडले, "आज काही नाही. जा तू."

"अहो, पण ठरलं होतं ना?"

"जा म्हटलं ना!"

माझा तापटपणा कुठून आलाय ते कळलं.

"भिंतीवर लावायचा तर सुलटा लावा म्हणावं," ते म्हणाले, आणि पुन्हा मान वाकवून डार्करूममध्ये शिरले. "आणि खाली त्याचं नाव हवं. माझ्या नावाच्या वर." मी मागोमाग गेलो. त्यांनी मनगटांची बटणं काढली, एका बाहीची घडी घातली, मग दुसरीची. दंडापर्यंत. बाईसाहेब, मी माझ्या बापाची कोपरं पाहिली. साधी कोपरं, थोडी काळवंडलेली, डाव्या कोपरावर जुनी खूण. मी बघतोय हे त्यांना दिसलं, तरी त्यांनी बाह्या खाली केल्या नाहीत.

"आईला काय सांगू?" मी विचारलं.

"जेवायला उशीर होईल सांग." मग बाहीची घडी नीट करत, "नाही. मीच सांगेन. बरंच सांगायचं राहिलंय तिला."

त्यांनी लाल दिवा लावला, कागद धरायचा चिमटा नेमक्या खिळ्यावरून उचलला, ट्रेमधल्या पाण्यात बोट बुडवून चव घेतल्यासारखं तापमान पाहिलं. निगेटिव्ह उजेडाकडे धरली. काळा चेहरा, पांढरे केस. खाली त्यांचे स्वतःचे पांढरे केस.

"तुम्हाला जमेल?"

"तुझ्या जन्माआधीपासून जमतंय. तू जा. मला एकट्याला काढू दे."

उलटी प्रत तुझ्याकडे आहे ती परत पाठव, ती माझी आहे. सुलटी येईल. कधी, ते त्यांनाच ठाऊक.

"आणि दार," बाबा आतून म्हणाले, "नीट लाव."

मी काळा पडदा सारखा केला, बाहेर आलो, आणि उजेडाची एक रेघसुद्धा आत जाणार नाही असं दार लावून घेतलं.